वॉर्डातून वर्गाकडे

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अमेरिकेत १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने नवी इस्पितळे उभारण्यासाठी सरकारी खजिना खुला केला; परंतु इमारती उठल्या तरी त्यांतील खाटांवरील रुग्णांची शुश्रूषा करणारी माणसे कोठून आणावयाची, हे कोडे त्या कायद्याने सुटणारे नव्हते.

परिचारिकांचे शिक्षण त्या काळी बहुतांशी इस्पितळांच्याच ताब्यात असे. तीन वर्षांच्या मुदतीत मुलीने त्यांच्या वसतिगृहात राहावे, बहुधा अविवाहितच असावे, आणि शिकता शिकता वॉर्डातील काम ओढावे, अशी ती रीत होती. तिच्यात विद्यार्थिनी किती आणि राबणारी किती, याची वजाबाकी सहसा कोणी करीत नसे. जेथे माणूस कमी तेथे तिची नेमणूक होई, मग ज्या विकाराचा अभ्यास त्या आठवड्यात चालला असेल त्याचा रोगी भलत्याच मजल्यावर का असेना. इस्पितळालाही रोजचा गाडा हाकावयाचा होता, हे मान्य. तरीही शिकणाऱ्या मुलींवर हा अन्याय होता, असे मला निःसंशय वाटते.

मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीने कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील आपल्या प्रबंधात, जो १९५१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हे शिक्षण इस्पितळाकडून काढून कम्युनिटी कॉलेजाच्या हवाली करावे आणि दोन वर्षांत पुरे करावे, अशी तजवीज सुचविली. १९५२ पासून पाच वर्षे सात महाविद्यालयांत व एका इस्पितळाच्या शाळेत तिचा प्रयोग झाला. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याच परिसरातील, घरी राहून अल्प खर्चात शिकता येईल असे दोन वर्षांचे महाविद्यालय. आज चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली निघाले.

असा अभ्यासक्रम काढावयाचा तर राज्याच्या परिचर्या मंडळाची मंजुरी लागते, जवळच्या इस्पितळांशी करारनामे करावे लागतात; पण खरी मख्खी शिक्षिकेच्या पगारात आहे. तो कॉलेज देते, म्हणून तिची बांधिलकी वॉर्डाच्या निकडीशी नसून विद्यार्थ्याच्या शिक्षणाशी राहते. वर्गात मधुमेहाचा पाठ चालला असेल तर ती आधीच वॉर्डात जाऊन तसा रोगी निवडते, मोजक्या विद्यार्थ्यांना त्याच्यापाशी नेते, आणि काम आटोपल्यावर सर्वांना एका खोलीत बसवून आज काय पाहिले, अमुक वेळी नाडी का वाढली, तुमचा हात का अडखळला, हे विचारते. कामातून शिक्षण हे पूर्वीही होते. शिक्षणासाठी काम ही नवी गोष्ट होती, आणि त्या खोलीतील तासाभराचे संभाषण मला या योजनेचा प्राण वाटतो.

वसतिगृहाची सक्ती गेल्यामुळे विवाहित स्त्रिया, मुलेबाळे असलेल्या प्रौढ माता, पुरुषही या वर्गांत येऊ लागले. मॉन्टॅग यांच्या कल्पनेतील हे पदवीधर मर्यादित जबाबदारीचे सहायक होते. प्रत्यक्षात मात्र ते इतरांबरोबर तीच राज्यपरीक्षा देऊन नोंदणीकृत परिचारिका झाले. व्यावसायिक परिचर्येसाठी चार वर्षांची पदवीच हवी, असे अमेरिकन परिचारिका संघटनेने १९६५ साली जाहीर केले, आणि तो वाद दशकानुदशके चालला. पण दोन वर्षांच्या वाटेने आलेल्याला आजही तीच परीक्षा आणि तोच परवाना आहे.