कॅमेऱ्याची शिदोरी

घरांत मौंज, डोहाळजेवण किंवा वडीलधाऱ्यांचें सहस्रचंद्रदर्शन ठरलें, कीं नवा कॅमेरा घेण्याची गोष्ट निघते. मोबाइल प्रत्येकाच्या हातीं असला, तरी मांडवाच्या दुसऱ्या टोंकावरील चेहरा किंवा निरांजनाच्या मंद उजेडांतील ओवाळणी नीट टिपावयाची, तर स्वतंत्र कॅमेरा अजूनहि सरस ठरतो. मात्र खरेदीची सारी चर्चा मेगापिक्सेलच्या आंकड्याभोंवतीं फिरते. जिच्यावांचून तें यंत्र मुकें होतें, त्या बॅटरीविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. ऐन मुहूर्तावर कॅमेऱ्यानें डोळे मिटले, म्हणजे मग तिची आठवण होते. पण नव्वदीच्या आजीला तोच सोहळा पुन्हां करावयास कसें सांगावें?

डिजिटल कॅमेऱ्याचें बॅटरीशीं नातें जन्मापासूनचें आहे. अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें १९७५ सालीं असा पहिला हातीं धरण्याजोगा कॅमेरा जुळविला. त्याचें वजन सुमारें ३.६ किलो होतें; एक काळेंपांढरें चित्र कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत; आणि एवढ्यासाठीं त्यांत निकेल-कॅडमियमच्या १६ बॅटऱ्या बसविल्या होत्या. पुढें १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली व हें ओझें उतरलें. या बॅटरीच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

कॅमेरा घेतांना नुसत्या मेगापिक्सेलवर भुलूं नये. चित्राचा कस सेन्सरच्या आकारावर व भिंगाच्या गुणावर अधिक अवलंबून असतो. त्यानंतर माहितीपत्रकांत पहावें, कीं एका चार्जमध्यें किती छायाचित्रें निघतात. जपानमधील ‘सीपा’ या कॅमेरा-उत्पादकांच्या संस्थेनें ठरविलेल्या पद्धतीनें हा आंकडा मोजलेला असतो. म्हणून दोन कॅमेऱ्यांची तुलना त्यावरून करतां येते. आरशाच्या कॅमेऱ्यांत डोळा लावून पाहण्यास वीज फारशी लागत नाहीं; उलट मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर व पडदा सतत जागे असतात, म्हणून त्याची भूक मोठी. असा कॅमेरा घेतल्यास दुसरी बॅटरी त्याच दिवशीं घ्यावी, आणि ती शक्यतों मूळ कंपनीचीच घ्यावी. स्वस्त नकली बॅटरींत अतिभारापासून रक्षण करणारी योजना कच्ची असण्याचा संभव असतो.

आतां निगेविषयीं. बॅटरी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय चार्ज करूं नये, असा उपदेश अनेक घरांत अद्याप ऐकूं येतो. तो निकेल-कॅडमियमच्या काळचा. लिथियम-आयनला तो अपायकारक आहे. या बॅटरीचा स्वभाव मिताहारी आहे. तिला कडकडीत उपास सोसत नाहीं आणि रोजचें आकंठ भोजनहि मानवत नाहीं. तिचा एकेक घटक पूर्ण भरला असतां सुमारें ४.२ व्होल्टवर असतो. त्या ताणांत ती दीर्घकाळ पडून राहिली, तर आंतील रसायनें हळूहळू झिजतात, आणि उष्णतेनें ही झीज वाढते. उलट ती अगदीं रिकामी होऊन कित्येक महिने तशीच राहिली, तर कायमची निकामी होऊं शकते.

म्हणून कॅमेरा कांहीं आठवडे लागणार नसेल, तर बॅटरी निम्मी भरून, कॅमेऱ्यांतून काढून, कोरड्या व थंड जागीं ठेवावी. तीन-चार महिन्यांनीं पाहून पुन्हां निम्म्यावर आणावी. सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाणीं यांच्यासह ठेवूं नये. तिच्या टोंकांवर टोपण असावें. वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत कॅमेरा विसरणें सर्वांत वाईट. विमानप्रवासांत सुट्या बॅटऱ्या हातांतील पिशवींतच न्याव्या, मोठ्या सामानांत देऊं नयेत.

बॅटरी फुगलेली दिसली, तर ती टोंचूं नये, दाबूं नये, चार्जहि करूं नये. तिला मुलांच्या हातून दूर करून ई-कचरा संकलन केंद्रांत द्यावें. घरच्या केराच्या डब्यांत टाकल्यास आग लागण्याचें भय असतें.

समारंभाच्या आदल्या रात्रीं मात्र दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भराव्या. नेहमींचा मिताहार त्या दिवसापुरता बाजूस ठेवण्यास हरकत नाहीं. एक कॅमेऱ्यांत व एक खिशांत असावी. मेमरी कार्डांत जागा आहे कीं नाहीं, तेंहि पहावें. एकत्र कुटुंबांत हें काम एखाद्या जबाबदार मुलाकडे किंवा मुलीकडे नेमून द्यावें. ज्या घरांत प्रवासाला निघण्यापूर्वीं शिदोरी बांधण्याची रीत आहे, त्या घरास ही गोष्ट निराळी शिकवावी लागणार नाहीं.