‘फंड कट’ एवढेच लिहू नका

मालवण तालुक्यातल्या आमच्या विहारात रविवारच्या अभ्यासवर्गानंतर मुले अर्ज आणि मेल लिहायला बसतात. मागे स्वाधार योजनेची रक्कम वर्ष संपत आले तरी काही जणांच्या खात्यावर जमा झाली नव्हती. प्रत दिल्लीलाही द्यायची म्हणून मुलांनी इंग्रजीत लिहिले, ‘स्टुडंट्स आर अफेक्टेड ड्यू टू फंड कट’. उत्तर एका ओळीचे आले: योजनेच्या तरतुदीत कपात झालेली नाही.

ते उत्तर खोटे नव्हते. तरतूद तेवढीच होती, पैसे सुटले नव्हते. इंग्रजीत याला ‘डिले इन रिलीज’ म्हणतात. आपण ‘कट’ लिहिले आणि समोरच्याला सुटायला वाट करून दिली.

अर्थसंकल्पात एकाच योजनेचे तीन आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. पहिलाच आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी असेल तर ‘कट इन अलोकेशन’ लिहावे. वर्षाच्या मध्यात तो खाली आणला तर ‘रिवाइज्ड डाउनवर्ड्स’. पैसा मार्चअखेर न वापरता परत गेला तर ‘लॅप्स्ड’. आपल्याकडे या शेवटच्या प्रकाराचीच ओरड सर्वांत कमी होते, असे मला वाटते.

‘डायव्हर्टेड’ हा शब्द मात्र जपून वापरायचा. मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी रुपये महिला व बालविकास विभागाकडे गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी, की हा पैसा त्याच समाजातल्या लाभार्थी महिलांसाठी आहे, म्हणून तो वळवलेला नाही. नुसते ‘फंड्स वर डायव्हर्टेड’ लिहिले की वाद त्या एका शब्दावरच अडतो. त्याऐवजी लिहा, ‘द गव्हर्नमेंट स्पेंट शेड्यूल्ड कास्ट कंपोनंट मनी ऑन अ जनरल स्कीम’. लाडकी बहीण सर्व समाजांसाठी आहे, हे कुणी नाकारू शकत नाही.

या वाक्यात कर्ता आहे, हेही पाहा. ‘निधी वळवण्यात आला’ ही कार्यालयीन मराठी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की इंग्रजीतही आपण तसेच लिहितो आणि निर्णय कोणी घेतला ते गायब होते.

काही वाक्प्रचार तर ओळखायलाच शिकले पाहिजेत. जुलै 2025 मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी 106 जणांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्रे 40 जणांनाच मिळाली. उरलेल्या 66 जणांसाठी अट होती ‘सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी ऑफ फंड्स’, म्हणजे पैसे असतील तर. बातम्या झाल्या, आवाज उठला, मग त्यांनाही पत्रे निघाली. ‘नाकारले’ हा शब्द त्या अटीत कुठेच नव्हता.

आता परिणाम. ‘अफेक्टेड’ने काहीच कळत नाही. मुलाने खोली सोडली, परीक्षा फी उसनी घेतली, की कॉलेजच सोडले? घडले तेच क्रियापद वापरा. आणि जे कारण सिद्ध करता येत नाही ते जोडू नका. ‘बिकॉज ऑफ’ लिहिले तर पुरावा मागतील, ‘आफ्टर’ला तारीख पुरते.

बाबासाहेबांचा 1925 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर, म्हणजे सरकारी जमाखर्चावरच होता. आपण जयंतीला त्याचे नाव घेतो आणि बजेटचे पुस्तक मात्र उघडत नाही!

मुलांनी मेल पुन्हा लिहिला: ‘द डिपार्टमेंट हॅज नॉट रिलीज्ड द सेकंड इन्स्टॉलमेंट. थ्री स्टुडंट्स हॅव लेफ्ट देअर रूम्स अँड नाऊ ट्रॅव्हल डेली बाय एसटी.’ सोबत बँक पासबुकाच्या प्रती जोडल्या. या वेळी उत्तरात हप्ता कुठे अडला आहे ते लिहून आले.