तयार स्लाइड्स पोहोचवायच्या कशा?

पॉवरपॉइंटमध्ये केलेलं सादरीकरण दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की सगळ्यात जास्त हाल मराठी मजकुराचे होतात. मथळा कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये असेल आणि तो फॉण्ट तिथे नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. तरीही फॉण्ट बदलला की ओळी सरकतात, शेवटचा शब्द चौकटीबाहेर जातो. विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं गेलं की फॉण्ट फाइलमध्येच बसवून देण्याची सोय आहे. फॉण्टचा परवाना आड येत नसेल तर ती जरूर वापरावी.

फक्त वाचायला द्यायचं असेल, तर माझं मत पीडीएफलाच. अक्षरं जागची हलत नाहीत, मोबाइलवरही नीट दिसतात. अ‍ॅनिमेशन मात्र त्यात चालत नाही. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की ती ड्राइव्हची लिंक होऊन जाते. लिंक देताना समोरच्याला फक्त पाहता येईल की बदलही करता येईल, हे आधी तपासावं. सभेला न आलेल्यांसाठी आवाज रेकॉर्ड करून व्हिडिओ काढता येतो.

प्रत्यक्ष बोलताना प्रेझेंटर व्ह्यू लावावा. श्रोत्यांना फक्त स्लाइड दिसते. आपल्याला टिपणं, घड्याळ आणि पुढची स्लाइडही. चर्चा सुरू झाली की कीबोर्डवरचं ‘बी’ दाबावं. पडदा काळा होतो आणि लोक बोलणाऱ्याकडे पाहू लागतात; पुन्हा दाबलं की स्लाइड हजर.