घरगुती साबण : कॉस्टिक सोडा हाताळताना

गेल्या महिन्यात मिरजेकडच्या एका बचत गटाच्या दोन भगिनी आमच्या दुकानी मलमल घ्यायला आल्या. घरी साबण करायला सुरुवात करायची आहे, साच्यात अंथरायला कापड हवे, असे त्यांनी सांगितले. मी सहज विचारले, "आपा, कॉस्टिक कशात कालवणार?" त्या म्हणाल्या, "घरात जर्मनचं मोठं पातेलं आहे, त्यातच." मी मलमल बाजूला ठेवली आणि दोघींना आधी बसायला सांगितले. त्या दिवशी त्यांना जे सांगितले, तेच हा उद्योग करू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी येथे देत आहे.

कापडवाल्याचा साबणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. कॉस्टिक सोडा ही रंगाऱ्याची रोजची वस्तू आहे. काही पक्के रंग त्याशिवाय विरघळत नाहीत. जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने १८४४ साली सुती कापडावर याच सोड्याचे प्रयोग केले. त्यांच्याच नावावरून 'मर्सराइज्ड' कापड हा शब्द आला. सुताला कॉस्टिक सोसते, पण लोकर आणि रेशीम त्यात विरघळून जाते. माणदेशी घोंगडीचा तुकडा कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात टाकला तर थोड्या वेळात हाती काही उरत नाही. आपली कातडी, केस आणि डोळे हे सुताच्या नव्हे, लोकरीच्या जातीचे आहेत. एवढे लक्षात राहिले तरी निम्मी खबरदारी आली.

माझा स्वतःचा तजुर्बा सांगतो. अठराव्या वर्षी मी एका रंगाऱ्याकडे काम शिकत होतो. कॉस्टिकचा एक पापुद्रा माझ्या ओल्या चपलेत पडला. लगेच काही दुखले नाही, नुसते बुळबुळीत लागले, म्हणून मी दुर्लक्ष केले. ते बुळबुळीत लागणे म्हणजे कातडीचाच साबण होऊ लागला होता. आग होऊ लागली तोवर उशीर झाला होता. उस्तादांनी नळाखाली पाय धरून ठेवला म्हणून थोडक्यात निभावले. डाग आजही आहे.

आता मुद्द्याचे. पहिली गोष्ट, वस्तू नीट ओळखून घ्यावी. दुकानात नुसता 'सोडा' मागू नये. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार आणि कॉस्टिक सोडा या चार वेगळ्या वस्तू आहेत. साबणाच्या वडीला कॉस्टिकच लागतो. तो पांढऱ्या पापुद्र्यांच्या किंवा मण्यांच्या रूपात मिळतो. हवेतले पाणी ओढून तो ओला होतो, मग वजन चुकते. म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवावा. बरणीवर घरातले सगळे वाचतात त्या लिपीत, मराठीत आणि उर्दूतही, 'विष' असे लिहावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तो कधीही भरू नये.

दुसरी गोष्ट भांडे. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला कॉस्टिक खाते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली आणि कल्हईचे पातेलेही चालत नाही. काचही नको, उष्णतेने तडकते. स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे भांडे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

तिसरी गोष्ट वजन. चमच्याने किंवा वाटीने माप घेऊ नये. ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा हवा. नवशिक्याने अर्धा किलो खोबरेल तेलापासून सुरुवात करावी. त्याला ८५ ग्रॅम कॉस्टिक आणि १९० ग्रॅम पाणी पुरते. शेंगतेलाला कॉस्टिक कमी लागतो, अर्ध्या किलोला सुमारे ६४ ग्रॅम. तेल बदलले की हिशेब बदलतो. खोबरेलचे माप शेंगतेलाला लावले तर कॉस्टिक शिल्लक राहतो आणि तो साबण अंग जाळतो. जत-आटपाडी, माण-खटावकडे बोअरचे पाणी जड असते, तेथे आरओचे पाणी घ्यावे.

चौथी गोष्ट क्रम. पाणी आधी, कॉस्टिक नंतर. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून तोंडावर येते. भांडे थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवावे, खिडक्या उघडाव्यात, थोडा थोडा कॉस्टिक टाकत स्टीलच्या पळीने ढवळावे आणि तोंड बाजूला ठेवावे. पाणी साधे असले तरी चुलीशिवाय ते ८०-९० अंशांपर्यंत तापते. वाफ हुंगू नये. कोमट झाल्यावर हे पाणी तेलात ओतावे.

हातात रबरी मोजे, पायात बंद बूट, अंगात लांब बाह्यांचे सुती कपडे असावेत. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा लागतो, वाचायचा चष्मा पुरत नाही. ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा. त्या तासाभरात मुले आणि मांजर घराच्या त्या भागात नकोत.

अंगावर उडाले तर कोरडे कण झटकावेत, भिजलेला कपडा काढावा आणि वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवावे. हळद, तेल, टूथपेस्ट लावू नये. लिंबू किंवा व्हिनेगरही नको. डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून अर्धा तास पाणी घालावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. पोटात गेले तर चूळ भरावी, उलटी करवू नये, दवाखान्यात न्यावे.

वड्या कापल्यावर किमान चार आठवडे हवेशीर जागी ठेवाव्यात. वजन बरोबर असेल तर तोवर सगळा कॉस्टिक तेलात मुरून त्याचा साबण झालेला असतो. विकायचे असेल तर आणखी एक गोष्ट : अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. त्यासाठी २०२० च्या नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. तो आधी घ्यावा, बाजार नंतर.

त्या दोघी भगिनी मलमल घेऊन गेल्या, पण जाताना भांड्यांच्या दुकानाचा पत्ता विचारून गेल्या. स्टीलचे पातेले जर्मनपेक्षा महाग पडेल खरे, पण भांडवलात ते पहिल्या रकान्यात लिहावे.