कृष्णेचे टीएमसी आणि शेवटचे शेत

नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील चाळीस गावांवर दावा सांगितला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. अस्मितेची भाषा झाली, बसगाड्यांना काळे फासले गेले. या दाव्याचे मूळ मात्र दहा वर्षे जुने होते. 2012 च्या दुष्काळात या सीमेवरच्या गावांनी ठराव केले होते, की पाणी देता येत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. त्या ठरावांमागे भाषेचा आग्रह नव्हता. या गावांत टँकरची वाट पाहत बायका घागरी रांगेत लावून बसत होत्या. पुढे कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी सीमा ओलांडून जतच्या तलावात आले, आणि मगच मुंबईत विस्तारित म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या फायली वेगाने हलल्या.

कृष्णा खोऱ्यातल्या राज्यांची भांडणे आपण टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, आकड्यांत वाचतो. 1969 मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेचे 2060 टीएमसी पाणी वाटले: महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्र प्रदेशाला 800. पुनर्वापराचे पाणी धरून हे आकडे 585, 734 आणि 811 झाले. 2010 मध्ये ब्रिजेश कुमार लवादाने 65 टक्के विश्वासार्हता धरून आणखी पाणी वाटले, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 81 टीएमसी आले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि तो निवाडा राजपत्राबाहेर राहिला. तेलंगण वेगळे झाल्यावर हिशेबात चौथे राज्य आले. या सगळ्या कागदांत राज्य हा एकच पक्षकार आहे. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेल्या शेतकऱ्याला लवादापुढे जागाच नाही.

एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लीटर. माणशी रोज 135 लीटर धरले तर दहा लाख वस्तीच्या शहराला ते सात महिने पुरते. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी अडीच कोटी लीटर लागतात असे धरले, तर तेच पाणी अकराशे-बाराशे हेक्टरांत संपते. रब्बी ज्वारी त्याच पाण्यात चार-पाचपट क्षेत्रावर निघते. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा त्याच्याकडे जातो, हे आता कोणी नाकारत नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने 1999 मध्येच तुटीच्या खोऱ्यांतील उसाबद्दल बजावले होते. कारखान्यांची संख्या त्यानंतरही त्याच भागात वाढत गेली. शेतकऱ्याला मी यात दोष देणार नाही. खात्रीचा भाव, घरपोच तोडणीवाला आणि सोसायटीचे कर्ज हे सगळे ज्या पिकामागे उभे असते, तेच पीक तो लावणार.

सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला गेलात तर पाण्याची किंमत डोळ्यांना दिसते. नदीकाठच्या पंपगृहातून लोखंडी नळ्या टेकाड चढतात, पाणी वर कालव्यात पडते, तिथून पुढच्या टप्प्याचे पंप ते आणखी वर उचलतात. मिरज, कवठेमहांकाळ करत ते जतकडे सरकते. प्रत्येक टप्प्याला वीज लागते, म्हणून आवर्तन कधी सुरू होणार हा प्रश्न थकबाकीशी बांधलेला असतो. सरकारने बिलाचा 81 टक्के भार स्वतःकडे घेऊन 19 टक्के शेतकऱ्यावर ठेवला, तेव्हा कुठे योजना नियमित चालू लागल्या. तरीही हेडचा माणूस आपली पाळी संपली तरी दार बंद करत नाही, आणि टेलला पाणी पोचते तेव्हा डाळिंबाचा बहर गळून गेलेला असतो. जतचा तो बागायतदार मग टँकर विकत घेऊन झाडे जगवतो, नाहीतर कुटुंबासह ऊसतोडीला जातो, म्हणजे दुसऱ्याच्या शिवारात वाढलेले आपलेच पाणी तोडायला.

नदीच्या काठावर नेमका उलटा त्रास आहे. सांगलीच्या आयर्विन पुलावर 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. ब्रह्मनाळला बचावकार्यातली बोट उलटून माणसे गेली, कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, जनावरे दावणीला बांधलेली मेली. 2021 मध्ये पुन्हा तेच. तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच्या लोकांना कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर जाणार हे ऐकले की धडकी भरते. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराला अलमट्टी थेट कारणीभूत नसल्याचे म्हटले आणि अतिवृष्टी, पूररेषेतली बांधकामे यांकडे बोट दाखवले. लोकांचे त्याने समाधान झाले नाही. माझे मत असे, की दोन्ही गोष्टींचा हिशेब मांडावा लागेल: आपण नदीपात्रात काय उभारले याचाही, आणि पुराच्या दिवसांत अलमट्टीतून कधी किती विसर्ग झाला याचाही.

कर्नाटकाच्या बाजूलाही दुःख कमी नाही. अलमट्टीच्या पाण्यात जुन्या बागलकोटचा मोठा भाग गेला, लोकांना नवनगरात नवे संसार मांडावे लागले. उंची वाढली तर आणखी गावे उठतील. पाणी मिळालेल्या यादगीर-रायचूरकडे हलक्या सिंचनाच्या पिकांऐवजी भात फोफावला, वरच्यांनी पाणी मुरवले आणि टेलचे शेतकरी तिथेही आंदोलनाला बसतात. आपल्याकडे शिरोळ-वाळव्यात जमिनी क्षारपड झाल्या, तीच कथा तिकडे भाताच्या पट्ट्यात. उन्हाळ्यात अथणी-जमखंडीकडे नदी कोरडी पडते, तेव्हा कर्नाटक कोयना-वारणेतून पाणी मागते आणि महाराष्ट्र बदल्यात जतला पाणी द्या म्हणतो. चार टीएमसीच्या या अदलाबदलीवर वर्षानुवर्षे बैठका झाल्या. दोन्ही बाजूंच्या गावांची गरज त्यात भागली असती.

नदीच्या खालच्या अंगाला गेले की भांडण अधिक उघड होते. तेलंगणाची चळवळच पाणी, निधी आणि नोकऱ्या या तीन मागण्यांवर उभी राहिली. महबूबनगरचे शेतमजूर पालमूर लेबर म्हणून देशभर बांधकामांवर गेले, नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने माणसांची हाडे वाकडी केली, आणि नागार्जुनसागरचा जलाशय त्याच जिल्ह्याच्या अंगणात होता. राज्य मिळाल्यावर 811 टीएमसीची तात्पुरती वाटणी आंध्रला 512 आणि तेलंगणाला 299 अशी झाली. 30 नोव्हेंबर 2023 ला, तेलंगणात मतदान असताना, आंध्रच्या पोलिसांनी नागार्जुनसागरच्या 26 पैकी 13 दरवाजांचा ताबा घेतला. केंद्रीय दल उतरवावे लागले. दोन्हीकडे एकच भाषा बोलली जाते, तरी असे झाले.

महाराष्ट्राने आपला हिशेबही उघडा करायला हवा. कोयनेचे 67.5 टीएमसीपर्यंत आणि टाटांच्या धरणांचे सरासरी 42 टीएमसीच्या आसपास पाणी वीज करून कोकणात उतरते. आपल्या 585 टीएमसीतला हा जवळजवळ पाचवा हिस्सा. 1921 च्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांसोबत लढलेल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या अशाच एका धरणाला विरोध केला होता. वीजनिर्मितीचे दुसरे मार्ग आज उपलब्ध आहेत, तेव्हा यातले काही पाणी पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांकडे वळवता येते का, हा विचार विधिमंडळात व्हायला हवा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली जलदूत रेल्वेगाडी पाच लाख लीटर पाणी घेऊन गेली, तेव्हा देशभर कौतुक झाले. एका टीएमसीसाठी अशा गाड्यांच्या छप्पन हजारांहून अधिक फेऱ्या लागतील.

निवडणूक आली की कुठल्याही पक्षाचा माणूस दारात येईल आणि शेजारच्या राज्याला एक थेंबही जाऊ देणार नाही असे सांगेल. त्याला तीन गोष्टी विचारा. गावच्या पिण्याच्या पाण्यानंतर प्रत्येक शेतकऱ्याच्या एका पिकाचे पाणी आधी राखून ठेवणार का? उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करणार का, आणि त्यासाठी पैसे कोण देणार? कोयना, वारणा, हिप्परगी आणि अलमट्टी या धरण-बंधाऱ्यांचा तासातासाचा विसर्ग दोन्ही राज्यांच्या लोकांना एकाच तक्त्यावर दिसेल अशी व्यवस्था कोणत्या तारखेपर्यंत होईल? तारीख सांगितली तर ती लिहून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा त्याच्याकडे जा.