वाऱ्याच्या मुलखातली छत्री

मुळशीकडची छत्री पावसाने कुजते, इंदापूरकडची वाऱ्याने मोडते. दोन्ही तालुके एकाच पुणे जिल्ह्यातले. ताम्हिणीच्या घाटात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, ढग तिथेच हलके होतात आणि पूर्वेला बारामती-इंदापूरपर्यंत पोचतो तो उरलासुरला शिडकावा. वारा मात्र पुरेपूर पोचतो. इथला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातलाही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसातला. आषाढात आभाळ भरून येते, धूळ उडते, चार थेंब पडतात आणि पुन्हा ऊन. अपवाद असतात. २०२५च्या मेअखेरीस इतका पाऊस झाला की बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला. पण अशा पावसात छत्री काय कामाची? एरवी इथे छत्री डोक्यावर येते ती जास्त करून उन्हासाठी, आणि हातात टिकते की नाही ते ठरवतो वारा.

शिवाय हा मुळात छत्रीचा मुलूख नव्हेच. मावळ-मुळशीत भातलावणीला इरले होते. इकडे धनगराची घोंगडीची खोळ, शेतकऱ्याची पोत्याची खोळ, आणि आता खताच्या गोणीची. ज्याला दोन्ही हातांनी काम आहे त्याला छत्री परवडत नाही, कारण ती एक हात कायमचा अडकवते. त्यामुळे गावात छत्री असायची ती शाळामास्तरांची, तलाठ्याची, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या आबांची. आबा पाऊस नसतानाही ती बरोबर घेत. तिचा काठी म्हणून उपयोग जास्त होता.

वर्षातून एकदा मात्र या रस्त्यांवर छत्र्यांची खरी कसोटी लागते. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीत शारदा प्रांगणात मुक्कामाला येते. मग काटेवाडी, सणसर, बेलवडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीहून नीरा ओलांडून अकलूजकडे. दिंडीतल्या माणसाची छत्री या वाटेवर दिवसभर उघडी असते. कधी थेंबांसाठी, बहुतेक वेळ उन्हासाठी. काटेवाडीपासून पुढे दोन्ही बाजूंना मोकळे माळ आणि उसाचे फड. समोरून ट्रक गेला की त्याच्या झोताबरोबर एका ओळीतल्या चार-पाच छत्र्यांचा कावळा होतो. लोक हसतात, छत्री झटका देऊन सरळ करतात आणि पुढे चालू लागतात. असा झटका किती वेळा सोसायचा हे काडीवर अवलंबून असते.

पालखीबरोबर चालणारी अब्दागिरी यातून सुटलेली आहे. तीही सावलीसाठीच केलेली, वाराही तोच खाते. पण तिला मिटायचे नसते. तिची चौकट कायमची ताठ, त्यामुळे तिला ना सांधा, ना खटका, ना सरकती नळी. मिटता येणे ही छत्रीची सगळी सोय आहे आणि तिचे सगळे दुखणेही तिथूनच सुरू होते.

बाजाराच्या दिवशी कुलपे, स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करणारा एखादा कारागीर अजून दिसतो. त्याच्यापुढे थोडा वेळ बसले की छत्रीची रचना कळते. तो आलेली छत्री आधी उघडत नाही, उलटी धरून हलवतो. खुळखुळ आली तर वरची तार गेली. साध्या लांब छत्रीत आठ काड्या असतात. प्रत्येक काडीच्या मुळाशी एक बारीक भोक. या आठ भोकांतून एकच तार ओवून ती दांड्याच्या टोकाजवळच्या खाचांच्या कड्याभोवती आवळलेली असते. म्हणजे आठही काड्यांचा जीव एका तारेत. तार तुटली की काड्या खाचांतून निसटतात आणि माणूस म्हणतो, ‘छत्री गेली.’ कारागीर नवी तार ओवून पकडीने पीळ देतो, टोक आत दाबतो. पाच-सात मिनिटांचे काम.

दुसरे दुखणे काडीच्या मध्यावर. दांड्यावर सरकणाऱ्या नळीपासून आठ आखूड काड्या निघतात आणि लांब काड्यांना मधोमध टेकू देतात. तो सांधा रिव्हेटचा. टेकूच्या बाहेर काडीचा जो भाग उरतो तो नुसता अधांतरी, त्यामुळे वाऱ्याचा वाकवणारा जोर सर्वांत जास्त येतो तो नेमका सांध्यावर. स्वस्त छत्रीत रिव्हेटचे भोकही काडीलाच पाडलेले असते. म्हणजे जिथे ताकद हवी तिथेच धातू कमी, आणि पाणी साचून गंज धरायलाही तीच जागा. चांगल्या काडीला तिथे भोक पाडत नाहीत; पत्र्याची एक छोटी पट्टी आवळून बसवतात आणि भोक त्या पट्टीला असते. दिसायला नखाएवढा फरक, पण छत्रीचे आयुष्य त्यावर ठरते. मोडलेल्या काडीवर कारागीर तेच करतो: जुन्या छत्रीतून कापलेला पन्हळीचा इंचभर तुकडा मोडावर बसवून दोन्ही कडा पकडीने दाबतो. हाड बसवल्यासारखे.

तिसरे, सर्वांत किरकोळ: काडीच्या टोकाला कापड धरणारे टोपण आणि त्याचा दोरा. दोरा तुटतो, एक कोपरा लोंबतो, वारा तिथून शिरतो आणि उरलेल्या सात काड्यांवर ताण येतो. घरच्या सुई-दोऱ्याने भागणारे हे काम आळसाने राहते आणि मग पुढची मोडतोड होते.

वाऱ्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. उघडल्यावर मीटरभर रुंद होणारी छत्री घ्या. ताशी ३६ किलोमीटरचा वारा तिच्या पोकळीत सरळ शिरला तर तिच्यावर साधारण सहा किलो वजनाइतका जोर येतो. वारा दीडपट झाला, ताशी ५४ किलोमीटर, तर जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, तेरा-चौदा किलो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून कालपर्यंत टिकलेली छत्री आज अचानक जाते. वरून येणाऱ्या वाऱ्यात काड्या टेकूंवर दाबल्या जातात आणि छत्री तग धरते. खालून आलेल्या वाऱ्यात काड्या उलट्या दिशेला वाकतात, आणि तिकडे त्यांना अडवायला फक्त कापडाचा ताण असतो.

या दुखण्यावरचा सर्वांत मोठा इलाज १८५२ सालचा आहे. त्याआधी युरोपात छत्रीच्या काड्या देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांच्या नाहीतर वेताच्या असत. जड, भिजल्या की मऊ, वाळल्या की चिरणाऱ्या. इंग्लंडात शेफील्डजवळ स्टॉक्सब्रिज इथे तार ओढण्याचा कारखाना चालवणाऱ्या सॅम्युअल फॉक्सने पोलादी काडी भरीव न करता पन्हळीसारखी, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची केली. बायकांच्या घेरदार झग्यांसाठी केलेली तार पडून होती, तिचा उपयोग करण्यासाठी त्याला हे सुचले, असे सांगतात. खरे असो-नसो, कल्पना मात्र अस्सल आहे. वहीचा कागद टेबलाच्या कडेबाहेर धरा, लोंबतो. त्याच कागदाला पन्हळीसारखी घडी घाला, ताठ राहतो. कागद तेवढाच. फॉक्सने पोलाद कमी केले आणि ताठपणा वाढवला. त्यातून आणखी एक फायदा झाला: छत्री मिटली की टेकूची काडी लांब काडीच्या पन्हळीत लपते. म्हणून मिटलेली छत्री बारीक दिसते. आज इंदापूरच्या दुकानातली लोखंडी काडीची छत्री उघडून पाहा, पन्हळ तीच आहे.

दुसरा मोठा बदल १९२८चा, आणि तो माझ्या मते या मुलखाला मानवला नाही. हान्स हाउप्ट हा जर्मन गृहस्थ युद्धातल्या जखमेमुळे काठी घेऊन चाले. हातात काठी, मग छत्री कुठे धरणार? त्याने खिशात मावेल अशी घडीच्या दांड्याची छत्री काढली. ती पुढे ‘क्निर्प्स’ नावाने विकली गेली. पर्समध्ये, दप्तरात, मोटारसायकलच्या डिकीत मावणारी आजची तीन घडीची छत्री तिचीच नात. सोय मोठीच. पण सांधे मोजा. लांब छत्रीत प्रत्येक काडीमागे तीन सांधे: मुळाशी एक, मध्यावर एक, टेकूचा नळीपाशी एक. आठ काड्यांचे चोवीस. तीन घडीच्या छत्रीत काडीचेच तीन तुकडे, त्यांना ओढणाऱ्या बारीक तारा वेगळ्या. सांधे दुपटीच्या घरात जातात. दांडा एकसंध नळी राहत नाही, एकात एक सरकणाऱ्या नळ्या होतात. त्यात बटण दाबून उघडणारी स्प्रिंग. पुण्यात बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत जायला ठीक. बारामती ते सणसर उघड्या माळावर ती दिवसभर धरून चालायची म्हणजे रोज सांध्यांची परीक्षा.

वाऱ्याचा विचार करून झालेल्या सुधारणाही आहेत. कापडाला दोन थर करून मध्ये झरोका ठेवला की आत कोंडलेली हवा वर निघून जाते. मोठ्या छत्र्यांत हे आता सर्रास दिसते. काचतंतूंची, म्हणजे फायबरची काडी वाकते आणि परत येते, गंजत नाही. फक्त तिचे सांधे प्लॅस्टिकचे असतील तर उन्हात ते ठिसूळ होऊन आधी तेच तुटतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने २००५च्या सुमारास गोल आकारच सोडला. पुढे आखूड, मागे लांब अशी ही ‘सेन्झ’ छत्री वाऱ्यात आपोआप योग्य बाजूला वळते. ताशी शंभर किलोमीटरचा वारा सोसेल, असा कंपनीचा दावा आहे. आपल्याकडची बाजारात लावायची मोठी छत्री याच्या अगदी उलट: तिला वळता येत नाही, म्हणून भाजीवाल्या मावशी तिचा दांडा सिमेंट ओतलेल्या डब्यात रोवतात, वर दगड ठेवतात आणि वारा वाढला की सरळ मिटवून टाकतात. इतका खात्रीचा उपाय कुठल्याही पेटंटात नसेल.

उन्हाच्या बाजूने पाहिले तर कापडही वेगळे हवे. नायलॉन उन्हात लवकर कमजोर होते, पॉलिएस्टर जास्त टिकते. आतून चंदेरी लेप दिलेली छत्री उन्हाला चांगली, पण रोज घडी पडली की घडीवरचा लेप आधी उडतो. अलीकडे डाळिंबाच्या बागांवर उन्हापासून बचावासाठी कापड आणि जाळ्या घालतात. कापड कुठे फाटते, दोरी कुठे काचते, वारा कुठून शिरतो हे या भागातल्या बागायतदाराला शिकवावे लागत नाही. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९पासून आहे. ऊन, दुष्काळ, तापलेली जमीन हाच तिचा विषय. तिने पिकांच्या सावलीकडे पाहावे हे बरोबरच. रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या सावलीचे काम मात्र कुणाच्याच खात्यात येत नाही.

माझे म्हणणे नव्या छत्रीपेक्षा तिच्या भागांबद्दल आहे. सायकलचे पाहा. स्पोक, व्हॉल्व्ह, छर्रे मापाने मागता येतात, म्हणून खेड्यातल्या टपरीवरही सायकल चालती होते. छत्रीचे माप आपण इंचात मागतो, २३ इंची, २५ इंची. ते काडीच्या लांबीचे असते. पण तेवढेच. काडीची जाडी, मुळाचे भोक, टेकूची जागा, वरच्या कड्याच्या खाचा, सगळे ज्याचे त्याचे. एका छत्रीची काडी दुसरीला बसेलच असे नाही. म्हणून कारागिराच्या पिशवीत नवे भाग क्वचितच दिसतात, मेलेल्या छत्र्यांचे अवयव असतात. त्यातून जुळते ते शोधण्यात त्याचा अर्धा वेळ जातो, आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढ्यात तर नवी येईल.’ गिऱ्हाइकाचेही चुकत नाही.

मुंबईत इब्राहिम करीम यांच्यासारखी १८६०पासूनची छत्रीची पेढी आहे, केरळात आलप्पुळाच्या छत्र्यांना नाव आहे. पण स्वस्त बाजार चीनच्या मालाने, निदान चीनच्या सुट्या भागांनी व्यापला. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छत्र्यांवरची जकात २० टक्के केली आणि छत्रीच्या सुट्या भागांना असलेली सवलत काढून घेतली. हेतू असा, की भाग इथेच बनावेत. बनायला अडचण काय? बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी गाड्या बनतात, शेजारी वस्त्रोद्योग उद्यानात कापड शिवले जाते, गावोगावच्या वर्कशॉपमध्ये उसाच्या ट्रॉलीचे पाटे ठोकले जातात. पन्हळीची पोलादी काडी त्यापुढे काहीच नाही. अडचण आहे ती काडी सुटी विकत घेणाऱ्याची. दहा छत्र्यांना एकच काडी बसेल तेव्हा दुकानदार ती डझनाने ठेवील. आज ठेवली तर पडून राहील.

वारीच्या आधी जेवढ्या छत्र्या इथल्या दुकानांत लागतात तेवढ्याच एका मापाच्या काढल्या तरी सुरुवात होईल. आठ पोलादी काड्या, सांध्याला भोकाऐवजी पट्टी, मुळाला गंज न धरणारी तार, दोन थरांचे पॉलिएस्टर, लाकडी दांडा, आणि सोबत प्लॅस्टिकच्या पुडीत दोन जादा काड्या नि हातभर तार. किंमत थोडी चढेल. आबा घासाघीस करतील आणि घेतील, कारण दांडा काठीसारखा आहे.