मेडिकल म्हणजे किराणा दुकान नव्हे

औषधाचा दर्जा बघायचा म्हणजे पाकिटावरची तारीख बघायची, एवढीच खबरदारी बहुतेक गिऱ्हाइकं घेतात, आणि तीही अर्धवट समजुतीने. पाकिटावर ‘०५/२०२७’ छापलं असेल, तर १ मे उजाडताच गोळी बाद झाली असं अनेकांना वाटतं. नियमानुसार ते औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. खरी गफलत होते ती बाटली उघडल्यावर. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिनाभरात टाकायच्या असतात, छापील तारीख कितीही लांबची असो. मुलांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीत पाणी घातलं की बऱ्याच औषधांचं आयुष्य आठवड्याभराचंच उरतं. उरलेलं औषध पुढच्या तापाला होईल म्हणून फ्रिजमध्ये जपून ठेवणाऱ्या आईला हे दुकानातच सांगितलं गेलं पाहिजे.

ते सांगणं हे दुकानाचं काम आहे, हेच आपण विसरलो आहोत. काउंटरमागचा माणूस चिठ्ठी वाचतो, माल काढतो, पैसे घेतो, एवढीच त्याची भूमिका आपण धरून चालतो. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमावलीने तर रुग्णाचं समुपदेशनही त्याच्यावर सोपवलं. हे कशासाठी? मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पेशंटने बाकीच्या गोळ्यांबरोबर ती रोज घेतली, तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या घाईत लिहिलेल्या अक्षरात ‘आठवड्यातून’ हा शब्द हरवला, तर तो शोधणारा शेवटचा माणूस फार्मासिस्ट. परवाना त्याच्या नावावर, भिंतीवर प्रमाणपत्र त्याचं, आणि दुकानात मात्र तो नाही, हा प्रकार म्हणूनच मला निव्वळ कागदी गुन्हा वाटत नाही. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना त्यांनी फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई सुरू केली, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले होते. ती कारवाई योग्यच होती.

“हे नाहीये, पण कंटेंट तोच, कंपनी दुसरी, देऊ का?” यात वावगं काही नाही, असा दुसरा समज. औषध नियमावलीतील नियम ६५ नुसार शेड्यूल एच आणि एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या जागी दुकानदाराने परस्पर दुसरं औषध द्यायचं नाही, त्यात घटक तोच असला तरीही. डॉक्टरांना फोन करून विचारायला किती वेळ लागतो? फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधांत तर रक्तातल्या पातळीचा थोडासा फरकही महागात पडू शकतो.

याचा अर्थ जेनेरिक औषध डमी असतं असा नव्हे. इंडियन फार्माकोपियातली मानकं जेनेरिक आणि ब्रँडेड दोन्हींना सारखीच लागू आहेत. जनऔषधी केंद्रांचा माल प्रयोगशाळेत बॅचवार तपासून मगच पुढे पाठवला जातो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दरमहा निकृष्ट नमुन्यांची यादी प्रसिद्ध करते, त्यात नावाजलेले ब्रँडही सापडतात. डॉक्टरांनी सुरुवातीलाच जेनेरिक लिहून दिलं असेल तर निर्धास्त घ्यावं.

पाकिटावरची उभी लाल रेघ ही शोभेची नसते, ती चिठ्ठीशिवाय औषध न देण्याची खूण आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी, म्हणजे काही तगडी अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लावणारी औषधं यांसाठी, वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण त्यात लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. नाव विचारलं म्हणून चिडणारी माणसं बघितली की वाईट वाटतं. तो दुकानदार त्याचं काम नीट करत असतो.

आता फ्रिज. इन्सुलिन जितकं गार तितकं चांगलं, असं समजून घरी ते बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलं जातं. न उघडलेल्या इन्सुलिनला लागतं २ ते ८ अंश सेल्सियस. एकदा ते गोठलं की वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, ते फेकूनच द्यायचं. वापरात असलेली व्हायल सहसा २५-३० अंशांखाली चार आठवड्यांपर्यंत बाहेरही चालते, नेमकं काय ते सोबतच्या माहितीपत्रकात असतं. चांगल्या दुकानाची पारख मी फ्रिजवरून करते. आत थर्मामीटर आहे का? दिवसातून दोनदा तापमानाची नोंद होते का? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? त्याच फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि कोणाचा डबा असेल, तर दार सतत उघडतं आणि आतलं तापमान वरखाली होतं. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुकानापासून घरापर्यंतचा रस्ताही मोजावा लागतो. अशा वेळी बर्फाची पिशवी मागून घ्यावी, पण बर्फ थेट व्हायलला लागू देऊ नये.

शेवटचा समज बिलाचा. चार गोळ्यांना कशाला बिल, असं आपणच म्हणतो. जाणता फार्मासिस्ट पाकीट कापताना कात्री दुसऱ्या टोकाकडून लावतो, बॅच नंबर आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहावा म्हणून. तुमच्या हाती आलेल्या चार गोळ्यांवर मात्र तो मजकूर नसतो, तो असतो फक्त बिलावर. एखादी बॅच निकृष्ट निघाली, तर आपल्या घरातल्या गोळ्या त्यातल्याच का, हे त्याशिवाय कळायचा मार्ग नाही. गोळीने अंगावर चट्टे उठले किंवा घेरी आली, तर डॉक्टरांना दाखवल्यावर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणालाही तक्रार नोंदवता येते. दुष्परिणाम कळवण्याच्या अर्जातही बॅच नंबरचा रकाना आहे.